टेबलावरची वेदना आणि कानातलं गाणं

तांबी बसवणं, गर्भपिशवीच्या तोंडाची भिंगातून पाहणी म्हणजे कॉल्पोस्कोपी, तिथला तुकडा काढून तपासायला पाठवणं, नळ्या उघड्या आहेत का ते पाहण्यासाठी डाय टाकून काढलेला एक्स-रे, दुर्बिणीने पिशवीच्या आत पाहणं म्हणजे हिस्टेरोस्कोपी, सुरुवातीच्या आठवड्यांतला गर्भपात. स्त्रीरोग विभागातली ही कामं आता पुष्कळ ठिकाणी ॲडमिट न करता आणि पूर्ण भूल न देता होतात. बाई सकाळी येते, दुपारी रिक्षाने घरी जाते. खर्च वाचतो, भुलीचा धोका टळतो, घरातल्या कोणाला रात्रभर दवाखान्यात बसावं लागत नाही. सोय मोठी आहे. पण टेबलावरच्या त्या दहा-पंधरा मिनिटांत बाई पूर्ण शुद्धीवर असते आणि तिला दुखतं.

किती दुखतं, याचं उत्तर कोणाला विचारता त्यावर ठरतं. अमेरिकेत २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तांबी बसवून घेणाऱ्या स्त्रियांना आणि ती बसवणाऱ्यांना शून्य ते शंभरच्या पट्टीवर वेदना मांडायला सांगितली होती. स्त्रियांची सरासरी ६५च्या आसपास आली, बसवणाऱ्यांचा अंदाज ३५च्या आसपास. ‘थोडं चिमटल्यासारखं होईल हं’ असं सांगणारे डॉक्टर खोटं बोलत नसतात. त्यांना खरोखर तेवढंच दिसतं.

या वेदनेवर औषधाशिवायचा एक उपाय गेली वीस-पंचवीस वर्षं पुन्हापुन्हा पुढे येतो आहे, तो म्हणजे संगीत. स्वस्त, दुष्परिणाम जवळपास नाहीत, वेगळं प्रशिक्षण नको. हाँगकाँगपासून रोमपर्यंत त्यावर चाचण्या झाल्या. त्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. ते का जुळत नाहीत हे पाहिलं तर नुसत्या सरासरीपेक्षा जास्त काही हाती लागतं, असं मला वाटतं.

कल्पना तशी जुनी आहे. पेनसिल्व्हेनियातले सर्जन इव्हान ओ’नील केन यांनी १९१४ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात ऑपरेशनच्या खोलीत फोनोग्राफ ठेवण्याची शिफारस केली. गाण्यात मन गुंतलं की रुग्णाची धास्ती कमी होते, हा त्यांचा अनुभव. पुढे १९२१ मध्ये स्थानिक भूल घेऊन स्वतःचं अपेंडिक्स स्वतःच काढण्याइतका हा माणूस अवलिया होता. त्यानंतरचा मोठा गाजावाजा १९६० सालचा. अमेरिकेतले दंतवैद्य वॉलेस गार्डनर आणि ध्वनीचे अभ्यासक जे. सी. आर. लिकलायडर (इंटरनेटच्या जन्मकथेत पुढे ज्यांचं नाव येतं तेच हे) यांनी ‘सायन्स’मध्ये लिहिलं, की हेडफोनमधून संगीत आणि मोठा खरखराट ऐकवला तर दात कोरताना दुसरी भूल फारशी लागत नाही. हजारो रुग्णांवर वापर झाला, यंत्रं विक्रीला आली. मग इतरांनी काटेकोर प्रयोग केले तेव्हा एवढा मोठा परिणाम काही दिसेना, आणि यंत्रं मागे पडली. त्या प्रयोगातला एक तपशील मात्र विसरू नये. आवाज वाढवण्याचं बटण रुग्णाच्या स्वतःच्या हातात दिलेलं होतं.

संगीताने वेदना कमी का व्हावी, याचं शास्त्रीय उत्तर अर्धं माहीत आहे. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये मांडलं, की वेदनेचे संदेश मज्जारज्जूतून सरळसोट वर जात नाहीत. तिथे त्यांना वाट देणारी किंवा अडवणारी यंत्रणा असते, आणि मेंदूतलं लक्ष, भीती, अपेक्षा हे सगळं त्या यंत्रणेवर वरून अंमल चालवतं. लक्ष दुसरीकडे गेलं की संदेश मंदावतात, भीती वाटली की तेच संदेश जोर धरतात. स्त्रीरोगाच्या टेबलावर हे फार उघडपणे घडतं. भ्यायलेली बाई मांड्या आवळते, ओटीपोटाच्या तळाचे स्नायू ताठ होतात, योनी उघडी धरणारं स्पेक्युलम जास्त बोचतं, आणि बोचलं की ती आणखी आवळून घेते. ‘अंग सैल सोडा’ असं तिला पाच वेळा सांगून उपयोग होत नाही, कारण ते तिच्या ताब्यात राहिलेलं नसतं. इथे गाण्याला वाव आहे.

पण शरीररचना त्या वावाला मर्यादा घालते. पिशवीच्या तोंडाच्या वेदनेच्या नसा पाठीच्या कण्याच्या अगदी खालच्या, माकडहाडाच्या वरच्या भागाकडे जातात. पिशवीच्या वरच्या भागाच्या नसा मात्र छातीच्या शेवटच्या आणि कमरेच्या पहिल्या मणक्यांच्या पातळीला मिळतात. म्हणून तोंडाभोवती दिलेलं बधिरतेचं इंजेक्शन खालचा भाग शांत करतं, पण सलाइनच्या किंवा डायच्या दाबाने पिशवी ताणली की उठणारी कळ त्याला पुरती जुमानत नाही. कॉल्पोस्कोपीत बहुतेक त्रास धास्ती, संकोच आणि ॲसिटिक ॲसिडची चुणचुण यांचा असतो, तुकडा काढला तर त्या क्षणाची कळ वेगळी. गर्भपातात किंवा तांबी बसवताना पिशवीच पिळवटून आकुंचन पावते. या दोन प्रकारच्या दुखण्यांना एकाच शब्दाने ‘प्रोसिजर पेन’ म्हणून संशोधक सरासरी काढतात तेव्हाच गोंधळाला सुरुवात होते.

आता चाचण्या. हाँगकाँगमध्ये २००३ साली कॉल्पोस्कोपीसाठी आलेल्या २२० स्त्रियांच्या अभ्यासात संगीत ऐकणाऱ्या गटात धास्ती आणि वेदना दोन्ही कमी नोंदल्या गेल्या. चार वर्षांनी अमेरिकेत १७० स्त्रियांवर झालेल्या अभ्यासात एका गटाला संगीत, दुसऱ्याला मनःचित्रं उभी करणारं ध्वनिमुद्रण, तिसऱ्याला नेहमीची सेवा दिली. तिन्ही गटांत म्हणण्याजोगा फरक पडला नाही. वैद्यकीय पुराव्याचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०११ मधल्या आढाव्याने कॉल्पोस्कोपीतल्या संगीताला बऱ्यापैकी अनुकूल कौल दिला, आणि माहितीपत्रकांनी ज्ञान वाढतं पण धास्ती घटत नाही असंही नोंदवलं. छापील पत्रक हातात दिलं की समुपदेशन झालं असं मानणाऱ्या आपल्या दवाखान्यांनी हे वाचायला हवं. मग २०१९च्या एका एकत्रित विश्लेषणात कॉल्पोस्कोपीतल्या संगीताचा ठळक फायदा दिसला नाही. आठ वर्षांत पारडं फिरलं.

हिस्टेरोस्कोपीची कथाही तशीच. रोममध्ये २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ३५६ स्त्रिया होत्या. ज्यांच्या खोलीत संगीत होतं त्यांची धास्ती कमी, रक्तदाब आणि नाडी खाली, आणि वेदनाही कमी. तीन वर्षांनी नेदरलँड्समधून उत्तर आलं. तिथे हिस्टेरोस्कोपी आणि कॉल्पोस्कोपी दोन्हींसाठी आलेल्या स्त्रियांत संगीताने वेदना, धास्ती किंवा समाधान यांपैकी काहीच बदललं नाही. डाय टाकून काढलेल्या एक्स-रेबद्दल नायजेरियातला २००७ चा एक अभ्यास आहे, त्यात धास्ती कमी झाल्याचं आढळलं. वंध्यत्वाच्या तपासणीत आपल्याकडे हजारो बायका या एक्स-रेला सामोऱ्या जातात आणि नंतर जावेला, बहिणीला त्याची भीतीदायक वर्णनं सांगतात. तरी या तपासणीतल्या संगीतावरचं संशोधन तोकडंच आहे.

सगळ्यांत बोलकी चाचणी न्यूयॉर्कची, २०१२ची. पहिल्या तिमाहीतल्या गर्भपातासाठी आलेल्या १०१ स्त्रियांना नेहमीची वेदनाशामकं आणि स्थानिक भूल मिळाली. त्यांतल्या काहींना चिठ्ठ्या टाकल्यासारख्या निवडीने हेडफोनवर संगीत दिलं. अपेक्षा होती की ते पूरक ठरेल. निकाल उलटा आला. शंभर मिलिमीटरच्या पट्टीवर संगीताच्या गटाची वेदना सरासरी ५१ने वाढली, बिनसंगीताच्या गटाची ३९ने. फरक फार मोठा नाही, सांख्यिकी कसोटीला तो काठावर उतरतो, आणि एका चाचणीवरून कायदा करू नये. पण संगीत अपाय करूच शकत नाही या समजाला तिने तडा दिला.

हे का झालं असावं? माझा तर्क असा. अशा वेळी टेबलाच्या उशाशी उभी असलेली नर्स बोलत असते: आता गार लागेल, आता एक कळ येईल, श्वास सोडा, झालं बघा. ब्रिटनमध्ये या बोलण्याला गमतीने ‘व्होकल लोकल’ म्हणतात, म्हणजे बोलण्याची स्थानिक भूल. दोन्ही कान हेडफोनने झाकले की ते बोलणं बंद होतं. पुढच्या क्षणी काय होणार हे कळत नाही आणि कळ अचानक येते. एकीकडे गाणं मिळालं, दुसरीकडे माणूस गेला. रोमसारख्या खोलीभर वाजणाऱ्या संगीतात हा तोटा होत नाही. संगीत दिलं की नाही एवढंच नोंदवणारे आणि ते कशाच्या बदल्यात दिलं हे न नोंदवणारे अभ्यास एकत्र केले, तर उत्तर शून्याच्या आसपास घुटमळणारच.

व्यापक पुरावाही असाच विसंगत आहे. वेदनेसाठी संगीत या विषयावर कॉक्रेनने २००६ मध्ये ५१ अभ्यास एकत्र केले होते. दहा अंकांच्या पट्टीवर सरासरी लाभ निघाला अर्ध्या अंकाचा. रुग्णाला फरक जाणवायला निदान एक-दीड अंक लागतो असं मानतात, तेव्हा अर्धा अंक म्हणजे कागदावरचा दिलासा. उलट २०१५ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापलेल्या आढाव्यात शस्त्रक्रियांच्या आगेमागे संगीत दिलेल्या ७३ चाचण्या आणि जवळपास सात हजार रुग्ण होते. तिथे वेदना, धास्ती आणि वेदनाशामकांची गरज तिन्ही घटलेल्या दिसल्या, रुग्णालयातला मुक्काम मात्र घटला नाही. ऑपरेशननंतर तासन्‌तास पडून असलेल्या रुग्णाला गाणं साथ देऊ शकतं. तांबी बसवताना पिशवीचं तोंड चिमट्याने धरतात त्या पाच सेकंदांत गाणं काय करणार?

शिवाय या सगळ्या चाचण्यांत एक दोष अंगभूत आहे. गाणं ऐकतो आहोत की नाही हे ऐकणारीला माहीत असतंच, नकली गोळीसारखं नकली गाणं देता येत नाही. ‘तुम्हाला बरं वाटावं म्हणून हे लावलंय’ असं सांगितलेली बाई भिडेपोटीही एक अंक कमी लिहिते. डॉक्टरांसमोर दुखलं म्हणायची लाज आपल्याकडे काही कमी नाही.

मग कोणतं संगीत? इथे मोझार्टपासून राग दरबारीपर्यंत सगळ्यांचे वकील हजर असतात. मराठी घरांना तर गर्भसंस्काराच्या सीडींमुळे प्रसूतीच्या आसपास संगीत असावं ही कल्पना कधीच परकी वाटली नाही, आणि अमुक रागाने रक्तदाब उतरतो, तमुक रागाने झोप लागते अशा याद्या दर दिवाळी अंकात सापडतात. रागाची निवड दुखण्यावर औषधासारखी लागू पडते याला भरवशाचा आधार मला कुठे दिसला नाही. ‘सायन्स’मध्ये २०२२ साली आलेल्या उंदरांवरच्या प्रयोगात मधुर संगीत, तेच संगीत कर्कश करून, आणि नुसता खरखराट अशा तिन्हींनी वेदना बोथट झाली. अट एवढीच, की आवाज भोवतालच्या आवाजापेक्षा जेमतेम पाच डेसिबलने मोठा हवा. उंदराच्या पंजावरून बाईच्या पिशवीबद्दल फार बोलू नये, पण रागचिकित्सेच्या याद्या करणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात घ्यावं. माणसांवरच्या प्रयोगांतून जे पुन्हापुन्हा समोर येतं ते रागापेक्षा निवडीबद्दल आहे. स्वतः निवडलेलं, आवडतं गाणं दुसऱ्याने लावलेल्या ‘शांत’ संगीताहून जास्त उपयोगी पडतं. निवड आपल्या हातात आहे ही जाणीवच काम करते, असं मानणारे संशोधक वाढत आहेत. गार्डनरच्या रुग्णांच्या हातातलं बटण बहुधा आवाजाइतकंच कामाचं असावं.

आपल्या ऑपरेशन थिएटरांत गाणी वाजतात, हे कमरेतून भूल घेऊन सिझेरियन झालेल्या कोणत्याही बाईला माहीत आहे. ती गाणी असतात डॉक्टरांच्या आवडीची, बरेचदा किशोरकुमार. त्याला हरकत नाही, सर्जनचा हात स्थिर राहणं रुग्णाच्याही हिताचं आहे. पण त्याला रुग्णासाठीचं संगीत म्हणू नये.

संगीताची बाजू घेताना मला सगळ्यांत जास्त अडखळायला होतं ते इथे. गाणं हे वेदनाशामकाच्या ऐवजी येऊ शकतं. ब्रिटनमध्ये वेदनादायक हिस्टेरोस्कोपीविरुद्ध स्त्रियांनी मोहीम चालवली तेव्हा त्यांची मुख्य तक्रार अशी होती, की भूल हवी का असं आम्हाला विचारलंच नाही, ‘पाळीसारखं दुखेल’ म्हणून टेबलावर घेतलं. तिथल्या प्रसूती व स्त्रीरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने २०२३ मध्ये काढलेल्या सूचनांत स्पष्ट म्हटलं, की वेदनेची शक्यता आधी सांगावी, भुलीसह सगळे पर्याय मांडावेत आणि बाईने थांबा म्हटलं की थांबावं. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने (सीडीसी) २०२४ मध्ये तांबीसारखी साधनं बसवण्याआधी प्रत्येकीशी वेदनेबद्दल बोलण्याची आणि लिग्नोकेन या स्थानिक भुलीच्या औषधाचा विचार करण्याची शिफारस केली. पुढच्या वर्षी तिथल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही ओपीडीतल्या प्रक्रियांसाठी स्थानिक भूल देऊ करण्याचा आग्रह धरला. औषधंही सरसकट सगळीकडे सारखी चालत नाहीत. हिस्टेरोस्कोपीच्या तासभर आधी घेतलेली वेदनाशामक गोळी उपयोगी पडते, पण तांबी बसवण्याच्या नेमक्या क्षणी आयब्युप्रोफेनचा फारसा उपयोग दिसत नाही, नंतरच्या कळांना होतो.

आणि काही वेळा औषधाहून तंत्र जास्त काम करतं. इटलीत बारी इथे स्टेफानो बेटोची यांनी १९९०च्या दशकात स्पेक्युलम आणि चिमटा दोन्ही न वापरता, बारीक दुर्बीण सलाइनच्या धारेबरोबर योनीतूनच सरकवत नेण्याची पद्धत रुळवली. ब्रिटनमध्ये २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या १,५९७ स्त्रियांच्या चाचणीत ही पद्धत नेहमीच्या पद्धतीपेक्षा जास्त यशस्वी ठरली आणि वेदनाही कमी झाली. चिमटाच न लावणं हे चिमटा लावताना गाणं ऐकवण्यापेक्षा केव्हाही श्रेयस्कर. ब्रिटनमध्येच आभासी वास्तवाचा चष्मा लावून हिस्टेरोस्कोपी करण्याची ४० स्त्रियांची छोटी चाचणी झाली. चष्मा न लावलेल्यांच्या वेदनेची सरासरी सहा, लावलेल्यांची पावणेचार आली आणि वर्तमानपत्रांना मथळा मिळाला. इतरत्र झालेल्या चाचण्यांत तेवढं यश आलेलं नाही. नवं यंत्र, पहिला उत्साह, मग थंडावा, हा क्रम १९६० पासून बदललेला नाही.

महाराष्ट्राचा या प्रश्नाशी संबंध नुसत्या कुतूहलाचा नाही. पिशवीच्या तोंडाच्या कर्करोगाच्या तपासणीवरचं जगाने मान्य केलेलं काम इथे झालं. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयाच्या मदतीने १,३१,७४६ ग्रामीण स्त्रियांवर अभ्यास झाला. २००९ मध्ये त्याचा निष्कर्ष आला, की या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या एचपीव्ही विषाणूच्या एकदाच केलेल्या चाचणीनेही मृत्यू जवळपास निम्मे होतात. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा मेमोरियलने दीड लाख स्त्रियांवर केलेल्या अभ्यासात आरोग्यसेविकांनी व्हिनेगरसारख्या द्रावणाने केलेल्या तपासणीने मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. भारतात दर वर्षी या कर्करोगाचे सव्वा लाखाहून जास्त नवे रुग्ण निघतात. तपासणी वाढेल तशा कॉल्पोस्कोपी वाढतील, आणि तपासणीत काही सापडलं तर उपचार होईपर्यंत त्याच टेबलावर दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा यावं लागेल. पहिल्या वेळी विव्हळून गेलेली बाई परत येत नाही, आणि शेजारणीलाही येऊ देत नाही. त्या दृष्टीने वेदना हा तपासणी कार्यक्रमाच्या यशाचा भाग आहे.

आपल्या ओपीडीचं चित्रही वेगळं आहे. सरकारी रुग्णालयात एका खोलीत दोन टेबलं, मध्ये हिरवा पडदा, पलीकडच्या बाईचं कण्हणं आणि मॅडमचं ‘किती मुलं? पाळी कधी आली?’ हे सगळं अलीकडे स्पष्ट ऐकू येतं. अशा ठिकाणी संगीताचा एक फायदा मी पाहिलेल्या कोणत्याच परदेशी चाचणीने मोजलेला नाही: ते आवाज झाकतं. आपली उत्तरं पलीकडे जात नाहीत आणि पलीकडचं कण्हणं आपली धास्ती वाढवत नाही. मोबाइल आता बहुतेकींच्या हातात आहे, म्हणजे हेडफोन विकत घ्या, निर्जंतुक करा, ही कटकटही नाही. एका कानात आपलं गाणं, दुसरा कान सिस्टरसाठी मोकळा. अडचणी किरकोळ पण खऱ्या आहेत. यूट्यूबवर भजन लावलं तर नेमक्या वेळी कर्जाची जाहिरात सुरू होते, म्हणून गाणं आधी उतरवून ठेवायला सांगावं. आणि गाणं नको म्हणणारीला नको म्हणू द्यावं. बायकांना अभंग हवा असेल असं आपण धरून चालतो, एखादीला नवऱ्याने कधी लावू न दिलेली लावणी हवी असते, एखादीला नुसती शांतता.

पाश्चात्त्य चाचण्यांची नक्कल करून ‘शास्त्रीय संगीत विरुद्ध काही नाही’ असा आणखी एक प्रबंध निघण्याची शक्यता इथे बरीच आहे. निघूच नये असं नाही, पण तो त्याच चक्रात फिरेल. त्याऐवजी तीन गट करता येतील. तिन्ही गटांना वेदनाशामक आणि गरज तिथे स्थानिक भूल, ती कोणाचीही काढून घ्यायची नाही. पहिल्या गटाला एवढंच. दुसऱ्याला वर एका कानात स्वतःच्या फोनवरचं गाणं. तिसऱ्याला फक्त बोलण्यासाठी नेमलेली एक सिस्टर किंवा आशाताई, जी दुसरं काही करणार नाही, साधनं हाताळायला हात लावणार नाही. वेदनेचा आकडा डॉक्टर खोलीबाहेर गेल्यावर तिसऱ्याच माणसाने विचारायचा, म्हणजे भीड आड येणार नाही. आणि आकड्याखेरीज आणखी तीन गोष्टी नोंदवायच्या: तिने मध्येच थांबवायला सांगितलं का, सांगितल्यावर थांबले का, आणि पुढच्या तारखेला ती आली का. शेवटची नोंद करायला वेगळा निधी लागत नाही, केसपेपरवर ती तारीख आधीपासून लिहिलेली असते.